दुसरी भाषा म्हणून मराठी: सर्जनशील उपक्रमांतून भाषा येते का?

मृद्गंध (प्रश्न):
मुंबईच्या उपनगरातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी सहावीला मराठी शिकवते. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली असली, तरी माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी हिंदी, गुजराती किंवा तमिळ बोलली जाते आणि मराठीशी त्यांची गाठ तासापुरतीच पडते. अध्यापन सर्जनशील असावे असा शाळेचा आग्रह असल्याने आम्ही भित्तिपत्रके, नाट्यीकरण, गाणी असे सर्व काही करतो. मुले त्यात रमतात. पण नाटकातील संवाद पाठ केलेले असतात, भित्तिपत्रकावरचा मजकूर गाइडमधला असतो आणि तीच मुले नंतर ‘मी पुस्तक वाचली’ असे म्हणतात. लिंग आणि सामान्यरूप (प्रत्यय लागताना नामाच्या रूपात होणारा बदल) यांसारख्या गोष्टी या मार्गाने खरोखर शिकवता येतात का?

जुना फळा:
आपण वर्णन केलेल्या उपक्रमांत चित्र आणि अभिनय मुलांचा असतो, भाषा मात्र उसनी असते. त्यामुळे भाषेच्या बाबतीत मुलाला काही ठरवावेच लागत नाही. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील शाळांत इंग्रजीचा जो प्रयोग केला, त्यात गाणी-नाटकांचा थाट नव्हता. रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा समोर ठेवून एखादा प्रश्न सोडवायचा आणि तो सोडवताना भाषा वापरायची, एवढेच त्याचे सूत्र होते. दिलेल्या माहितीवरून तर्क करून नवी माहिती काढण्याची कामे प्रभूंना सर्वांत उपयुक्त वाटली. मला तरी सर्जनशीलता इथे दिसते, कार्डपेपरच्या कातरकामात नाही.

वेलांटी:
लिंगासाठी एक तर्काचा खेळ सुचवते. फळ्यावर लाडू, आंबा, पोळी, चकली, केळे, श्रीखंड अशी यादी लिहावी आणि म्हणावे, ‘डब्यात होती, पण दादाने खाल्ली.’ ‘खाल्ली’ ऐकताच लाडू, आंबा, केळे आणि श्रीखंड बाद होतात. मग ‘ती गोल आणि कुरकुरीत होती’ असा दुसरा धागा द्यावा. पुढच्या फेरीत नाम लपवून कोडे रचण्याचे काम मुलांकडे सोपवावे, कारण तिथे क्रियापदाचे रूप चुकले तर कोडेच सुटत नाही आणि चूक वर्गाच्या आपोआप लक्षात येते.

मुलांच्या घरच्या भाषाही ध्यानात घ्याव्यात. कर्माप्रमाणे क्रियापद बदलणे हिंदी भाषकांना परिचित असते, त्यांना नवे असते ते नपुंसकलिंग. गुजरातीत तिन्ही लिंगे आहेत. तमिळमध्ये क्रियापद कर्त्याशी जुळते, त्यामुळे त्या मुलांना या खेळाच्या जास्त फेऱ्या लागतील. सामान्यरूपासाठी वस्तू लपवण्याचा साधा खेळ पुरे: खुर्चीमागे, दप्तरात, फळ्याखाली.

आडवाटेचा मास्तर:
खेळ उत्तम आहे, परंतु साठ मुलांच्या वर्गात आणि परीक्षेच्या धाकात तो किती वेळा होईल, याबद्दल मला शंका आहे. म्हणून मी परीक्षेतल्याच निबंधाला हात घालतो. ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ हा विषय आला की वर्गभर एकच पाठ केलेला परिच्छेद उतरतो. त्याऐवजी मी रेल्वे स्थानकावरच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत छत्री, डबा आणि दप्तर यांची भेट घडवतो आणि प्रत्येकाने स्वतःविषयी कमी, शेजाऱ्याविषयी जास्त बोलावे अशी अट घालतो. कारण ‘मी राहिले’ असे छत्रीही म्हणते आणि दप्तरही. फरक उघड होतो तो ‘छत्री राहिली, दप्तर राहिले, डबा राहिला’ असे दुसऱ्याविषयी सांगताना. ही अट असल्यामुळे गाइडमधला मजकूर उपयोगी पडत नाही आणि दोन बाकांवरच्या मुलांचा मिळून एक गट केला, तर मोठा वर्गही सांभाळता येतो.

मृद्गंध:
शेजाऱ्याविषयी बोलण्याची अट मला विशेष पटली. मात्र मुले वाचून दाखवत असताना झालेल्या चुका तिथल्या तिथे सुधाराव्यात का?

आडवाटेचा मास्तर:
वाचन चालू असताना अडवू नये. मी चुकीची वाक्ये वहीत टिपतो आणि शेवटी त्यांतली तीन-चारच, नावे न सांगता, फळ्यावर लिहितो. ती दुरुस्त करण्याचे काम गटांचे. ज्या चुकीमुळे अर्थच कळेनासा होतो, ती मात्र मी त्याच क्षणी ‘कोण राहिले म्हणालास?’ असे विचारून त्याच्याकडूनच सुधारून घेतो.