की क्लब, किवानिस आणि आपली मुलं

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी यंदा नववीत गेली. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी 'की क्लब'मध्ये (Key Club) नाव दिलंय, सही हवी." फॉर्मवर किवानिस असं नाव आहे आणि वर्षाची वर्गणीही आहे. हे नक्की कुणाचं? चर्चचं, शाळेचं, की कुठल्या पक्षाचं? कॉलेजच्या अर्जात सेवेचे तास दाखवायला मुलं यात जातात, असंही ऑफिसात ऐकलं. कुणाला माहिती असेल तर कृपया कळवा.

– नववीतल्या मुलीचा बाबा

---

दादा,

निर्धास्त सही करा. किवानिस कुठल्या चर्चशी किंवा पक्षाशी बांधलेलं नाही. गावातली नोकरी-धंदा करणारी माणसं ठरलेल्या दिवशी जमतात आणि मुलांसाठी कामं हाती घेतात, तो हा क्लब; की क्लब ही त्याचीच हायस्कूलच्या मुलांसाठीची शाखा. मी आमच्या इथल्या क्लबात बरीच वर्षं आहे आणि शाळेतल्या की क्लबच्या मुलांबरोबर कामही केलंय. त्यामुळे थोडं लांबवून लिहिते.

सुरुवात सेवेतून झाली नव्हती. २१ जानेवारी १९१५ रोजी डेट्रॉइटमध्ये पहिल्या क्लबची नोंदणी झाली. असे क्लब जमवणं हाच ॲलन ब्राउन यांचा पेशा होता आणि त्यांच्या जोडीला जोसेफ प्रान्स नावाचे शिंपी होते. सभासदांनी एकमेकांना धंदा मिळवून द्यायचा, एवढाच हेतू. पुढच्याच वर्षी कॅनडात हॅमिल्टनला क्लब निघाला. हळूहळू सभासदांना नुसती देवाणघेवाण पुरेना, गावासाठी काही करावं असं त्यांच्या मनात येऊ लागलं. संघटनेचे हक्क मात्र ब्राउन यांच्याकडे. १९१९ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अधिवेशनात जमलेल्या प्रतिनिधींनी १७,५०० डॉलर उभे केले आणि ते हक्क विकत घेतले. मला या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा प्रसंग वाटतो. एका माणसाच्या मालकीची गोष्ट त्या दिवशी सभासदांची झाली आणि सेवेचा रस्ता पक्का झाला.

की क्लब आला त्यानंतर ६ वर्षांनी. १९२५ साली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो हायस्कूलमध्ये. अल्बर्ट ओल्नी आणि फ्रँक व्हिन्सेंट हे शिक्षण क्षेत्रातले किवानिसचे दोन सभासद. शाळेतल्या मुलांच्या शक्तीला चांगलं वळण मिळावं अशी त्यांची तळमळ. त्यांनी मुलांसाठी संस्कारवर्ग काढला असता तर तो बहुधा २ वर्षांत बंद पडला असता. त्यांनी केलं ते वेगळं: मोठ्यांच्या क्लबसारखाच क्लब मुलांना काढून दिला. पदाधिकारी मुलांनी निवडायचे, सभा मुलांनी चालवायची, काम मुलांनी ठरवायचं. शिक्षक आणि किवानिसचा माणूस सल्लागार म्हणून बसतात, तेवढंच. आजही पद्धत तीच आहे. वर्गणी त्यासाठीच आहे, दादा. जिथे आपले पैसे असतात तिथे हिशेब विचारायचा हक्क असतो, हे मुलांना तिथे कळतं.

एक गोष्ट तुमच्या मुलीसाठी. की क्लबमध्ये मुलींना प्रवेश मिळाला १९७७ साली. किवानिसने बायकांना सभासद करून घेतलं ते १९८७ साली, म्हणजे लेकींच्या मागून आया १० वर्षांनी आत आल्या! त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोटरीविरुद्धच्या खटल्यात कॅलिफोर्नियातल्या ड्वार्टे गावच्या रोटरी क्लबच्या बाजूने निकाल दिला होता. त्या क्लबने बायकांना सभासद केलं म्हणून रोटरीच्या मुख्य संघटनेने त्याची मान्यता काढून घेतलेली होती. मी ज्या खुर्चीत बसते ती अशी मिळालेली आहे, हे मी विसरत नाही.

आता तासांचं. हो, काही मुलं तासांसाठीच येतात. येऊ द्यात. आमच्याकडे एकदा मुलांनी गरजूंना अन्न देणाऱ्या फूड बँकेसाठी खाण्याचे बंद डबे गोळा करायचं ठरवलं, आणि नेमका परीक्षेच्या आठवड्यातला शनिवार धरला. मला दिसत होतं की कुणी येणार नाही. जिभेवर आलेलं गिळलं. पाचजण आले, एक खोकंही भरलं नाही. पुढच्या सभेत अध्यक्ष असलेल्या अकरावीतल्या मुलाने उभं राहून चूक कबूल केली, तारीख ठरवायला तिघांना नेमलं, आणि दुसऱ्या खेपेला माझ्या गाडीची डिकी पुरली नाही. त्या तिघांत एक निव्वळ तासांसाठी आलेली मुलगी होती. शेवटची खोकी उतरवेपर्यंत ती थांबली होती.

आपल्या मंडळाच्या युवा समितीकडे बघून मला वाईट वाटतं, म्हणून तेही लिहिते. आपण मुलांना टी-शर्ट देतो, पाणी वाटायला उभं करतो, स्टेजवर नाव घेतो. बजेट, हॉलचं बुकिंग, यादी, सगळं मोठ्यांकडे. मग बारावी झाली की मुलं फिरकत नाहीत आणि आपण म्हणतो, पुढची पिढी येत नाही. ती येईल कशाला? आपण तिच्या हाती काही दिलेलंच नाही.

– तुमची ग्रंथालयवाली मावशी

---

मावशी, वाचून खजील झालो. युवा समितीचं काम गेली ३ वर्षं मीच बघतो, आणि सगळं मीच करतो हेही खरं. येत्या गणेशोत्सवातलं धान्य गोळा करायचं काम पूर्णपणे मुलांकडे द्यावं असं सुचवतो. अध्यक्ष, खजिनदार तीच निवडतील. कार्यकारिणीने रक्कम ठरवून एकदाच द्यावी. मी मागच्या रांगेत बसेन.

– युवा समिती

---

मावशी, सही केली. वर्गणी मी देत होतो, तर लेक म्हणाली, "मी देते, माझे वाढदिवसाचे आहेत." धान्याच्या कामात तिचं नाव धरा. तीच म्हणतेय, तारीख शाळेचं कॅलेंडर बघून ठरवा.

– नववीतल्या मुलीचा बाबा