मदत हवी आहे: व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेताना चित्र बिघडतंय

बाबांनी १९९२ ते १९९८ या काळात कॅमकॉर्डरवर काढलेल्या सात व्हीएचएस कॅसेट आणि नंतरच्या दोन मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेट) घरात आहेत. सगळ्या पाल पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या. व्हीसीआर अजून चालतो, दृष्ट न लागो.

एक कॅसेट डीव्हीडी रेकॉर्डरवर घेऊन पाहिली. त्यात आजी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवतेय आणि बाबांनी झूम करत करत कॅमेरा पार तिच्या बोटांपर्यंत नेलाय. कॅसेट टीव्हीवर लावली की तो दोरा दिसतो. अंधुक, थरथरता, पण दिसतो. डिस्कवर त्या जागी नुसते चौकोनी ठोकळे! मागची भिंत मुंग्या फिरल्यासारखी वळवळते. तीच डिस्क लॅपटॉपवर लावली तर आजीचा हात हलला रे हलला की कडेला कंगव्याचे दात.

मी केलं ते असं: पिवळी-पांढरी-लाल वायर, आणि रेकॉर्डर एलपी मोडवर, म्हणजे एका डिस्कवर चार तास. (वाटलं, डिस्क कमी लागतील. हसू नका.) मग यूएसबी कॅप्चर स्टिक (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर घेणारी) लावली. सॉफ्टवेअरने आपणहून ६४० बाय ४८० निवडलं, आणि अर्ध्या तासाने ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.

मला चित्र सुधारायचं नाहीये. कॅसेटमध्ये जेवढं आहे तेवढं डिस्कवर यावं, बस. गडबड वायरमध्ये आहे, रेकॉर्डरमध्ये, की माझ्यात?

निळापडदा:
तुमच्यात. रागावू नका, सगळ्यांनी हेच केलंय.
साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं. ते एका तासात विभागलं तर सेकंदाला साधारण १० मेगाबिट मिळतात, चार तासांत विभागलं तर जेमतेम २.६. डीव्हीडीत व्हिडिओची कमाल मर्यादाच ९.८ मेगाबिट आहे, त्यामुळे एक तासाचा मोड म्हणजे जवळजवळ पूर्ण पोटभर. आता लोक म्हणतात, व्हीएचएसमध्ये आडवे तपशील २४० ओळींच्या आसपास, तिला एवढे बिट कशाला? इथेच फसगत होते. कॅसेटच्या चित्रात दाणे असतात, आणि एमपेगला (डीव्हीडीवर चित्र आवळून बसवणारी पद्धत) दाणा कुठला नि दोरा कुठला हे कळत नाही. भिंतीवरच्या मुंग्या प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात, ही पद्धत त्यांनाही हालचालच समजते आणि त्यांच्यावरच बिट उधळते. उरलेल्यात आजीची बोटं. म्हणून जुन्या, दाणेदार चित्राला स्वच्छ चित्रापेक्षा जास्त बिट लागतात. एक तासाचा मोड लावा, फार तर सव्वा तास. दोन तासांच्या मोडवर उजेडातलं चित्र निभावतं, संध्याकाळचं नाही.

धागाकर्ती:
म्हणजे सात कॅसेटच्या चौदा-पंधरा डिस्क?

निळापडदा:
हो. किंवा आधी कॉम्प्युटरवर नीट घ्या, कंटाळवाणे भाग कापा, मग डिस्क. बाबांनी झाकण न लावता बॅगेत टाकलेल्या कॅमेऱ्याने पंधरा मिनिटं अंधार टिपला असेलच कुठेतरी.

ट्रॅकिंगवाला:
कंगव्याचं मी सांगतो. ते दात म्हणजे बिघाड नव्हे. पालमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकदा विषम ओळी, एकदा सम. दोन्हींमध्ये १/५० सेकंदाचं अंतर. जुना टीव्ही त्या एकामागून एक दाखवायचा, लॅपटॉप दोन्ही एकत्र दाखवतो आणि तेवढ्यात हात सरकलेला असतो. डिस्कसाठी ते तसंच राहू द्या, ‘डिइंटरलेस’ची (अर्ध्या चित्रांची सलग चित्रं करण्याची) खूण काढून टाका. मोबाइलवर पाठवायला वेगळी प्रत करा, ती सेकंदाला ५० फ्रेमची. २५ ची केलीत तर निम्मी हालचाल गेली.
आणि स्टिकवर ७२० बाय ५७६ निवडा. उंची ५७६ वरून ४८० केली की सम-विषम ओळी एकमेकींत कालवल्या जातात. त्या नंतर कोणालाही वेगळ्या करता येत नाहीत.

जुनीवायर:
मी एक एचडीएमआय कन्व्हर्टर लावला होता, थेट १०८० होतं. छान दिसतं की!

ट्रॅकिंगवाला:
लांबून दिसतं. त्या डब्याने डिइंटरलेस स्वतःच्या मर्जीने केलं, वर बऱ्याचदा चेहरेही रुंद होतात. चित्र ४:३ चं आहे, दोन्ही बाजूंना काळं राहिलं तर राहू द्या.

निळापडदा:
वायरबद्दल राहिलंच. टेपवर उजेड आणि रंग वेगवेगळे लिहिलेले असतात. पिवळी वायर ते एकत्र करते आणि पुढच्या यंत्राला पुन्हा वेगळे करावे लागतात, म्हणून लाल कपड्यांच्या कडेला ठिपके सरपटतात. एस-व्हिडिओ वायर ते वेगळेच ठेवते. पण ती सोय बहुतेक एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा वरचा प्रकार) यंत्रांवरच असते. तुमच्या व्हीसीआरवर नसेल तर चांगली, आखूड पिवळी वायर घ्या आणि विषय सोडा. व्हीसीआरवर ‘शार्पनेस’ असेल तर मध्ये किंवा कमी ठेवा, ‘एडिट’ बटण असेल तर चालू करा. कृत्रिम कडा एकदा डिस्कवर गेल्या की गेल्या.
आवाज सुटतो तो हरवलेल्या फ्रेममुळे. टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र असेल तर उत्तम: ते प्रत्येक ओळ जिथून सुरू व्हायला हवी तिथूनच सुरू करतं, सरळ उभा दरवाजा लाटेसारखा हलत नाही. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पुढे नेला तरी तो बराच सावरतो. तुमच्याकडे रेकॉर्डर आहेच. व्हीसीआर ते रेकॉर्डर ते स्टिक, असं करून बघा. मिनीडीव्हीला हे काहीच लागत नाही, फायरवायरने (कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरला जाणारी डिजिटल वायर) घ्या. ती नक्कल नसते, आकडेच जसेच्या तसे उतरतात. तासाला सुमारे १३ जीबी.

धागाकर्ती (चार दिवसांनी):
रेकॉर्डर मध्ये घातला. आवाज दीड तास जागेवर! एका तासाच्या मोडवर नवी डिस्क केली, दोरा परत आला. सुईचं नेढं नाही दिसत, पण ते टीव्हीवरही दिसत नव्हतं. तळाशी फडफडणारी एक पट्टी येते, ती?

ट्रॅकिंगवाला:
ती हेड (टेप वाचणारा भाग) बदलण्याची जागा. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची. कापू नका, वाटल्यास काळ्या पट्टीने झाका.

धागाकर्ती:
आणि सहाव्या कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरं भुरभुरीत काही दिसतंय. लावून बघू?

निळापडदा:
अजिबात नको! बुरशी आहे ती. व्हीसीआरच्या हेडला लागली की पुढची प्रत्येक कॅसेट खराब करेल. पिशवीत घालून बाकीच्यांपासून लांब ठेवा, आधी उरलेल्या पाच उरका.