७ दिवसांत कार : अगदी नवशिक्याला झेपतं का?

चोडणकरीण
मे महिन्यात १२ दिवसांची सुट्टी आहे. पणजीजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ‘७ दिवसांत कार’ असा कोर्स आहे, रोज ३ तास. नेहमीचा कोर्स रोज अर्धा तास, २० दिवस. शिकाऊ लायसन्स हातात आहे, पण स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही. स्कूटरही चालवत नाही. घरची गाडी गिअरची. जूनपासून रोज चोडण बेटाहून फेरीबोटीने रायबंदर आणि पुढे पणजी असं जायचंय. झटपट कोर्स घ्यावा की नाही, विचारात पडलेय.

चिरेबंदी_वळण
ताई, आधी शिकाऊ लायसन्सवरची तारीख बघा. त्या तारखेपासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही, आणि शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं. म्हणजे लायसन्स नुकतंच काढलं असेल तर ७ दिवसांत कोर्स संपला तरी ३० दिवस होईपर्यंत थांबणं आहेच. मग घाई नक्की कशाची?

दुसरं, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ३१ वा नियम स्कूलवाल्यांना विचारा. खासगी गाडीसाठी प्रशिक्षणाचा काळ २१ दिवसांहून कमी नको आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं १० तासांहून कमी नको, असं त्यात आहे. ७ दिवसांचा कोर्स त्यात कसा बसवतात, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

तिसरं महत्त्वाचं. रोज ३ तास म्हणजे २१ तास, ऐकायला झकास. पण गाडीत एकावेळी किती शिकाऊ? तिघं असतील तर तुमच्या वाट्याला ७ तास आणि उरलेले १४ तास मागच्या सीटवर. २० दिवस अर्धा तास एकटीने चालवलंत तर १० तास होतात. पैसे भरण्याआधी ‘स्टिअरिंगवर मी किती तास’ एवढं एकच लेखी मागा.

हाफक्लच
वरचा हिशेब बरोबर, पण अगदी नवशिक्याची खरी अडचण पायात असते.

पहिले दोन दिवस सगळा जीव डाव्या पायात. ४५-५० मिनिटांनी घोटा आणि नडगी भरून येते. दमलेला पाय क्लच हळूहळू सोडत नाही, झटक्यात सोडतो. गाडी हिसका देऊन बंद पडते. मास्तर म्हणतो ‘रेस वाढव’. मग बंद पडायच्या भीतीने माणूस जास्त रेस आणि अर्धा क्लच धरून गाडी ओढायला लागतो. थोड्या वेळाने जळका वास येतो, तो क्लचप्लेटचा. ही सवय तिसऱ्या तासात लागते आणि सुटायला महिने जातात. म्हणून एका दमात ३ तास नकोच. सकाळी ६ ला ४५ मिनिटं आणि संध्याकाळी ४५ मिनिटं देत असतील तर विचार करा. मधल्या वेळात आणि रात्रीच्या झोपेत शिकलेलं मुरतं.

पहिल्या दिवशी रेसला पाय न लावता फक्त क्लचवर गाडी हलवायची. सपाट मोकळी जागा, पहिला गिअर, क्लच इतका हळू सोडायचा की इंजिनाचा आवाज किंचित खाली येईल आणि बॉनेट थरथरेल. तिथे पाय थांबवायचा, गाडी रांगायला लागली की मग उरलेला सोडायचा. हे ४०-५० वेळा. कंटाळवाणं आहे, पण पुढचा घाट, चढ, ट्रॅफिक सगळं यावरच उभं आहे. घाईच्या कोर्समध्ये नेमकं हेच १५ मिनिटांत उरकून तुम्हाला थेट हायवेवर नेतात, कारण हायवेवर चौथ्या गिअरमध्ये सरळ जाणं सोपं आणि शिकणाऱ्यालाही वाटतं, आली की गाडी!

आणखी एक फसगत. स्कूलच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. चुकायच्या आत त्याचा पाय पडतो, तुम्हाला कळतही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी स्वच्छ सांगा, ‘एक फेरी पाय मागे घेऊन बसा.’ त्या फेरीत गाडी किती वेळा बंद पडते, तेवढाच तुमचा खरा निकाल.

सुकती_भरती
मी थोडा उलट बोलतो. सलग शिकण्याला सरसकट नाव ठेवू नका. रोज अर्ध्या तासात १० मिनिटं गाडी गर्दीतून बाहेर काढण्यात जातात, हातात २० उरतात. ज्याची १० वर्षं स्कूटरवर गेलीत त्याला समोरून येणारी बस वळणावर कुठे फिरेल, पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला) कुठून घुसेल, काळ्या पाटीची भाड्याची स्कूटर कधी अचानक थांबेल हे ठाऊक असतं. त्याला फक्त पेडल आणि गाडीची रुंदी शिकायची असते, ती आठवड्यात येते. ताई, तुम्ही स्कूटरही चालवत नाही. म्हणजे पाय आणि डोळे दोन्ही एकदम तयार करायचे. पाय सरावाने लवकर बसतात, डोळ्यांना दिवस लागतात. त्यामुळे तुमच्यासाठी सलग कोर्स म्हणजे पाया घालण्यापुरता.

आता फेरीबोट, कारण कोर्समध्ये ती कोणी शिकवत नाही. सुकतीला म्हणजे ओहोटीला रॅम्प जास्त उघडा पडतो आणि खालच्या भागावर शेवाळाचा बुळबुळीतपणा असतो. फेरीतून वर येताना चढ, ओली चाकं आणि मागे रांग. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच सोडत बॉनेट किंचित उचललं की रेस बेताची, मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे सरकली की घाबरून रेस दाबली जाते, पुढची चाकं शेवाळावर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. ओल्यात रेस कमी, क्लच हळू. फेरीत गेल्यावर इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक पूर्ण वर. सराव आधी पणजीत आल्तिनच्या चढावर करा, रॅम्पवर पहिल्यांदा नको.

चोडणकरीण
धन्यवाद. मग सरळ ऑटोमॅटिकवर शिकले तर? क्लचचा प्रश्नच मिटला. घरची गाडी पुढेमागे बदलणारच आहोत.

हाफक्लच
लायसन्स एकच असतं, हलक्या मोटार वाहनाचं. त्यात गिअरची आणि ऑटोमॅटिक असा वेगळा शिक्का नसतो. पण हाच धोका आहे. ऑटोमॅटिकवर पास होऊन जूनमध्ये घरची गिअरची गाडी रॅम्पवर नेणं कायद्याने चालेल, क्लच मात्र चालू देणार नाही. गाडी खरंच आधी बदलणार असाल तर ऑटोमॅटिक घ्या. तेव्हा डावा पाय बाजूला टेकवून ठेवायचा, पेडलवर आणायचाच नाही. रेस आणि ब्रेक दोन्ही उजव्याच पायाने.

चिरेबंदी_वळण
तुमच्या १२ दिवसांसाठी मी असं लावलं असतं. पहिले ५ दिवस सकाळ-संध्याकाळ ४५-४५ मिनिटं, म्हणजे साडेसात तास. एक दिवस पूर्ण सुट्टी. पुढचे ५ दिवस एक-एक तास. एकूण साडेबारा. ठिकाणं बदलती ठेवा : कदंब पठारावरचा रुंद रस्ता सरळ चालवायला, आल्तिन चढाला, रायबंदरचा अरुंद कॉजवे समोरून बस आल्यावर डावी कड सांभाळायला. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार या यादीत नको. डाव्या बाजूचा अंदाज येत नसेल तर कुंपणापासून एक फूट ठेवून गाडी उभी करा, उतरा, खरंच किती अंतर आहे ते बघा. २०-२५ वेळा केलं की डोळा बसतो. चोडणच्या रस्त्यावर हे लागणारच, पावसात कडेचं गटार गवताने झाकलं जातं.

मग टेस्टपर्यंत आठवड्यातून तीनदा घरच्या गाडीवर. पुढे-मागे १८ सेंटीमीटर चौकोनी पांढऱ्या पाटीवर लाल एल, अक्षराची उंची किमान १० सेंटीमीटर. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस, गाडी थांबवता येईल अशा जागी. घरच्या गाडीत दुसरे पेडल नसतात, तेव्हा हँडब्रेक दोन सीटच्या मधे असेल तर त्याचा हात तिथे पोचतो. एल आणि सोबती यातलं एक जरी नसेल तर अपघात झाल्यावर विमा कंपनी वाद घालते.

टेस्टमध्ये नुसतं सरळ जाणं नसतं. रिव्हर्समध्ये अरुंद जागेत वळवणं, पुढे-मागे करून तोंड फिरवणं, चढावर थांबून मागे न सरकता पुन्हा सुरुवात हे नियमातच आहे. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर टेस्टचा स्लॉट लवकर बघून ठेवा. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा, तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं.

सुकती_भरती
जूनचं एक राहिलं. पहिल्या एक-दोन पावसांत रस्त्यावरचं तेल आणि तांबडी धूळ मिसळून रस्ता साबणासारखा होतो. ४० च्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, तेव्हा पुढच्या गाडीपासून ३-४ सेकंदांचं अंतर ठेवा. काच आतून धुकट झाली की हाताने पुसू नका, एसी लावून हवा काचेवर सोडा. ही बटणं गाडी उभी असतानाच शोधून ठेवा. आणि मास्तरला सांगून एक तास पावसातला मागून घ्या, मेमध्ये वळवाचा पडलाच तर त्या दिवशी क्लास रद्द करू नका.