ईसीएपीचं सिम्युलेशन: टू-डीत भागतं की थ्री-डी लागतंच?

वागळे_डाय: ईसीएपी म्हणजे धातूचा ठोकळा (बिलेट) डायमधल्या वाकलेल्या, सारख्याच छेदाच्या चॅनेलमधून दाबणं; एकदा दाबलं की एक पास. माझा बिलेट अनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचा, २०×२०×१०० मिमी, चॅनेलचा कोन ९०°, बाहेरच्या कोपऱ्याच्या गोलाईचा कोन २०°. इवाहाशींच्या सूत्राने एका पासला समतुल्य स्ट्रेन (एकूण विरूपणाचं माप) १.०५ येतो, कोपरा धारदार असेल तर १.१५. टू-डी प्लेन स्ट्रेन मॉडेलही (रुंदीच्या दिशेने विरूपण शून्य धरणारं) बिलेटच्या मध्यात जवळपास तेच सांगतं. मग डायचा कोन ठरवायला थ्री-डीचा खटाटोप कशाला?

रबाळे_टूलरूम: कोनापुरतं ठीक. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या शॉपला आधी विचारायचं असतं ते प्रेस किती टनाचा लागेल हे, आणि तिथे टू-डी फसवतं. दुसऱ्या पासला यील्ड (धातू कायमचा वाकू लागतो तो ताण) २०० मेगापास्कल धरा, म्हणजे शिअर यील्ड, कातरताना तोच ताण, ११५. घर्षण गुणक एम (शिअर यील्डचा जो भाग भिंतीवर घर्षण होतो तो) ०.१ धरला तर चारही भिंतींचं ८००० चौ. मिमी क्षेत्र सुरुवातीलाच ९२ किलोन्यूटन खातं. टू-डीला दोनच भिंती दिसतात, म्हणजे ४६. साडेचार टन हिशेबातून गायब!

वागळे_डाय: मग एम ०.२ करा, बेरीज जुळेल.

रबाळे_टूलरूम: बेरीज जुळेल, स्ट्रेन बिघडेल. बाजूच्या भिंतींचं घर्षण तुम्ही वरच्या-खालच्या कातडीवर लादताय, आणि तळाचा स्ट्रेन मुळातच नाजूक असतो. शिवाय रूट बीसी या पासांच्या पद्धतीत दर पासनंतर बिलेट स्वतःच्या अक्षाभोवती ९०° फिरतो. तो इतिहास एका प्रतलात मावणारच नाही.

महापे_एफईए: दोघंही मटेरियल कार्ड, म्हणजे मॉडेलला दिलेले धातूचे गुणधर्म, विसरलात. टेन्साइल टेस्ट नेकिंगपर्यंतच (नमुना एका जागी बारीक होईपर्यंत) कामाची, चार पासचा स्ट्रेन चारच्या वर. जॉन्सन-कुक हे ताण-स्ट्रेनचं सूत्र तिथवर ताणलं की ताण चढतच राहतो. प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियम सपाट होत जातं. लोड फुगतो, बाहेरच्या कोपऱ्यातली पोकळीही खोटी मोठी दिसते. ताण सपाट होऊ देणारं व्होस सूत्र वापरा, आकडे कॉम्प्रेशन टेस्टचे घ्या. कूलंब घर्षणही (दाब गुणिले घर्षणांक म्यू) जपून: दाब ४०० मेगापास्कल आणि म्यू ०.३ म्हणजे १२०, धातूच्या शिअर यील्डपेक्षा जास्त. मर्यादा घातलीच पाहिजे.

वागळे_डाय: व्होस मान्य, पण ते टू-डीतही चालतं. पाव मिमीच्या मेशला (मॉडेलच्या जाळीला) टू-डीत ३२,००० एलिमेंट, थ्री-डीत २५ लाखांवर. मग मेश जाड करता, आणि शिअर दोनच्या आसपास गेल्यावर दर रीमेशिंगला (बिघडलेली जाळी नव्याने आखताना) स्ट्रेनचं शिखर पुसलं जातं. तळाची कातडी नाजूक म्हणता, तीच हरवते.

रबाळे_टूलरूम: पहिल्या पासला सिमेट्रीने निम्मे होतात, आणि बारीक मेश कोपऱ्यापाशीच लागतो. खरंखोटं करायचं तर बिलेट उभा चिरून आतल्या तोंडावर १ मिमीचं ग्रिड कोरा, जोडून एक पास दाबा. २०° कोपऱ्याला आडव्या रेषा मध्यात अक्षाशी २९° च्या आसपास झुकायला हव्यात. तळाशी त्या किती उभ्या राहतात, ते दोन्ही मॉडेलशी ताडून पाहा.