मदत हवी आहे: डोंगरातले दगडगोटे आणि वाळू, दोन्हींसाठी एकच क्वाड. यामाहाची रॅप्टर 700 घेऊ की वायएफझेड 450?

घाटवाट

मंडळी, नमस्कार. राहायला कॅलिफोर्नियात, सॅन होजेला. क्वाडशी, म्हणजे चार चाकांच्या, हँडलवाल्या ऑफ-रोड गाडीशी, पहिली ओळख नागावच्या किनाऱ्यावरची. दहा मिनिटांची फेरी आणि मागे बसलेला पोऱ्या सतत "साहेब, जास्त पिळू नका" म्हणतोय. इथे आल्यावर आधी मेटकाफ, मग हॉलिस्टर हिल्स हे डोंगरातले पार्क, मग पिस्मोजवळचे ओशियानो ड्यून्स, म्हणजे किनाऱ्यावरची वाळूची टेकाडं, असं करत करत व्यसन लागलं. दोन वर्षं भाड्याने किंवा मित्रांच्या गाड्या मागून चालवतोय. आता लाज वाटायला लागली आहे, म्हणून स्वतःची घ्यायची म्हणतो.

वापर असा: महिन्यातून एकदा डोंगर (हॉलिस्टर, कार्नेगी, कधी स्टोनीफोर्ड), वर्षातून तीन-चारदा वाळू. उंची 5 फूट 7 इंच, वजन 70 किलो, वय 38. बजेट सेकंडहँडचं, साडेपाच ते सहा हजार डॉलर. फोर बाय फोर वगैरे अवजड प्रकार नको, स्पोर्ट क्वाडच हवी.

ग्रुपमधले सगळे म्हणतात 450 घे, बाकी सब झूट. पण गेल्या ऑक्टोबरात स्टोनीफोर्डला मित्राची रेसिंगवाली 450 चालवत होतो. एका अरुंद वळणावर पुढचं चाक आडव्या पडलेल्या ओंडक्याला भिडलं. डावीकडे दरड, उजवीकडे थेट उतार, आणि गाडीला रिव्हर्सच नाही. शेवटी दोघांनी मागचा बार धरून बुड उचलून उचलून गाडी फिरवली. कंबर चार दिवस बोलत होती. तेव्हापासून मन रॅप्टरकडे झुकलंय. वाळूत मात्र ती 450 काय पळते! सांगा, काय करू?

वाळूतला_उंट

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे हो. महिन्याला एकदा डोंगर म्हणजे वर्षाचे बारा दिवस, वाळूचे चार. गाडी बारा दिवसांसाठी घ्यायची आणि चार दिवसांसाठी चाकं बदलायची.

वायएफझेड 450 आर ही मोटोक्रॉस ट्रॅकसाठी बनवलेली गाडी आहे. 449 सीसी, पाच व्हॉल्व्ह, ताकद सगळी वरच्या आरपीएमला. ट्रॅकवर आणि मोकळ्या वाळूत स्वर्ग. पण दगडांतून चालण्याच्या वेगाने चढायचं म्हटलं की सतत क्लच धरा, सोडा, धरा. तासाभरात डाव्या हाताची बोटं आखडतात, आणि जरा चुकलात की चढावरच बंद पडते. रॅप्टर 700 चं 686 सीसीचं एकच सिलेंडर खालूनच ओढतं. दुसऱ्या गियरमध्ये टाका आणि टुकूटुकू चढा. उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडी आवरून धरतं, ब्रेकवर लटकावं लागत नाही. आणि रिव्हर्स आहे.

वजनात रॅप्टर 192 किलोच्या आसपास, वायएफझेड 184. हा फरक कागदावर छोटा वाटतो, पण उडी मारून उतरताना कळतो. तुम्ही उड्या मारणार नसाल तर सोडून द्या.

रुंदीचं मात्र बघा. जंगलखात्याच्या बऱ्याच ट्रेलवर 50 इंचांपेक्षा रुंद वाहन चालत नाही. कंपनीतून निघालेली रॅप्टर 46 इंचांच्या आसपास, वायएफझेड पावणेएकोणपन्नास. पण जुने मालक वाळूत स्थिर राहावी म्हणून व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) किंवा लांब ए-आर्म (पुढच्या चाकाला धरणारा दांडा) बसवतात आणि मग गाडी 50 च्या पुढे जाते. बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा.

आणखी एक, फ्युएल इंजेक्शन असलेलीच घ्या. पिस्मोला समुद्रसपाटी, सिएरात सात-आठ हजार फूट. कार्ब्युरेटर असेल तर वर गेल्यावर गाडी गुदमरते आणि तुम्ही पार्किंगमध्ये जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक नळी) बदलत बसता. रॅप्टर 700 ला 2006 पासून, वायएफझेडच्या आर मॉडेलला 2009 पासून इंजेक्शन आहे.

कोथरूडची

सगळे मोठ्या इंजिनाच्या मागे का असता कळत नाही. मी पाच वर्षं सुझुकी एलटी-झेड 400 चालवतेय. रिव्हर्स आहे, पाण्याने थंड होणारं इंजिन आहे, 2009 पासूनच्या मॉडेलांना इंजेक्शनही आहे. 70 किलोच्या माणसाला डोंगरात 400 पुष्कळ होते. मोठ्या टेकाडावर मी थोडी मागे राहते, हे कबूल. पण वर पोचल्यावर सगळे माझ्याच डब्यातली थालीपिठं खायला थांबलेले असतात, त्यामुळे चाललंय.

वाळूतला_उंट

ताई, थालीपिठाचा मुद्दा मान्य. पण त्यांना मन मारायला लावू नका, सहा महिन्यांत विकून मोठी घेतील.

घाटवाट

ताई, 400 चा खरंच विचार करतोय. पण टायरचं काय? तेच टायर दोन्हीकडे चालतील का?

चेन_स्प्रॉकेट

चालतील पण मजा नाही. मागच्यासाठी वेगळ्या रिमवर पॅडल टायरची (वाळू उपसणारे आडवे फाळ असलेले टायर) जोडी ठेवा. बाजूला चार-चार नट, वीस मिनिटांचं काम. पॅडल दगडांवर कधीच नेऊ नका, फाळ फाटतात. डोंगरासाठी सहा प्लायचे (थरांचे) जाड टायर घ्या आणि हवा वाळूपेक्षा थोडी जास्त ठेवा, नाहीतर दगड थेट रिमला लागतो. या टायरांत हवा असते चार-सहा पीएसआय. कारच्या टायरचा गेज इथे उपयोगाचा नाही, कमी दाबाचा वेगळा मिळतो तो आणा.

आता सेकंडहँडबद्दल, कारण खरी फसगत तिथे होते. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम असेल तर काहीतरी लपवलंय. 450 वाल्यांनी हे जास्तच पाहावं, व्हॉल्व्हचं अंतर कमी झालं की थंड इंजिन सुरू व्हायला रुसतं.

मग पुढचा भाग जॅकवर घ्या. चाक वर-खाली हलवा, खडखड आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवलं आणि ढिलं लागलं तर टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा. मागची चाकं उचलून फिरवा आणि एका जागी नजर ठेवा, रिम लंगडत असेल तर अ‍ॅक्सल वाकलाय. फ्रेम आणि स्विंगआर्मच्या (मागच्या चाकांना धरणारा दांडा) वेल्डिंगवर टॉर्च मारा.

सगळ्यात शेवटी एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, उघडा. फिल्टर काढा आणि फिल्टरच्या आतल्या बाजूला, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवा. बोटाला रेती लागली तर पैसे खिशात ठेवा आणि नमस्कार करून निघा. तीच रेती पिस्टनपर्यंत गेलेली असते. लोक जास्त हवा मिळावी म्हणून एअरबॉक्सचं झाकण काढून टाकतात आणि वाळूत फिरतात. इंजिनाचं वाटोळं करायचा याहून सोपा मार्ग नाही.

स्वतः घेतल्यावर फोमच्या फिल्टरला तेल, कडेला ग्रीस, वरून प्रीफिल्टरची पिशवी, आणि वाळूच्या प्रत्येक ट्रिपनंतर धुणं. कंटाळा आला तरी.

कोथरूडची

आणि खर्चाचं राहिलं. सहा हजारांतले सहाशे-सातशे बाजूला ठेवा. हेल्मेट तर हवंच, शिवाय चेस्ट प्रोटेक्टर, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, गाडीला नर्फ बार (पाय आणि मागच्या चाकाच्या मधला जाळीवाला बार). दगडात पाय खाली टेकवायची सवय असेल तर मागचं चाक पायावर चढतं, हे मी स्वतः अनुभवलंय. ओशियानोला जमिनीपासून आठ फूट उंच झेंडा लागतो, नाहीतर टेकाडापलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसणारच नाही. आणि बाहेरचा सायलेन्सर बसवलेला असेल तर स्पार्क अरेस्टर (ठिणगी बाहेर पडू न देणारी जाळी) आहे का बघा, शिवाय आवाज 96 डेसिबलच्या आत. हॉलिस्टरच्या गेटवरून परत पाठवलेले लोक पाहिलेत मी.

घाटवाट

अपडेट देतो. शनिवारी दोन गाड्या पाहिल्या.

पहिली वायएफझेड, ट्रेसीला. दिसायला नवरीसारखी, स्टिकर, लाइटिंग, सगळं. टेप लावला तर 52 इंच. मालक म्हणाला, "कोणी मोजत नाही हो." मी मोजलं ना! इंजिनही गरम होतं.

दुसरी रॅप्टर, गिलरॉयला. थंड इंजिन, पहिल्या बटणाला सुरू. चाकं घट्ट, अ‍ॅक्सल सरळ, पिंक स्लिप (मालकीचा कागद) मालकाच्याच नावावर. मनात पेढे वाटून झाले होते. मग नळीत बोट घातलं. बाहेर काढलं तर टोकाला पिस्मोचा किनारा. मालक बिचारा खरंच चकित झाला, त्याने फिल्टर कधी उघडलाच नव्हता. पाचशे कमी करतो म्हणाला. नको म्हटलं.

तर ठरलं एवढंच की रॅप्टर, आणि नाहीच मिळाली नीट तर ताईंची 400. रविवारी सकाळी मॉर्गन हिलला एक रॅप्टर बघायला जातोय. चेन_स्प्रॉकेट, येता का? टेप आणि टॉर्च माझ्याकडे आहे, जॅक तुम्ही आणा.

चेन_स्प्रॉकेट

येतो. थालीपिठं कोण आणतंय?