अर्पणाचा हिशोब देवाला द्यायचा, की मंडळीलाही?

शाहूपुरी, मंडळीचे माजी खजिनदार :
आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत अर्पणाच्या (चर्चला दिलेल्या दानाच्या) हिशोबाचा प्रश्न निघाला की ‘आम्ही देवाला उत्तर देऊ’ असे कोणीतरी म्हणते आणि चर्चा तेथेच थांबते. हे उत्तर मला बायबलच्या विरुद्ध वाटते. यरुशलेममधील गरिबांसाठी जमा झालेली वर्गणी नेताना प्रेषित पौलाने मंडळ्यांनी निवडलेला बंधू बरोबर घेतला आणि त्याचे कारणही करिंथच्या मंडळीला पत्रातून कळवले (2 करिंथ 8): केवळ प्रभूच्या नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य तेच आम्ही करू पाहतो. प्रेषिताला जे आवश्यक वाटले, ते आपल्या पंच कमिटीला अपमानास्पद का वाटावे? रविवारचे अर्पण, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) आणि कापणीच्या सणातील लिलाव यांची जमा व खर्चाची बाजू दरमहा फलकावर लागली पाहिजे.

कसबा बावडा, ज्येष्ठ सभासद :
साहेब, आपल्या हेतूबद्दल शंका नाही, पण मी असहमत आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या प्रत्येक विश्वस्त संस्थेला 1950 च्या कायद्याने हिशोब तपासून घ्यावेच लागतात, आणि आयुक्तांच्या मंजुरीशिवाय जागाही विकता येत नाही. त्यावर फलकाची भर घातल्याने चोर कदाचित सापडेल. विश्वासू कारभारी मात्र त्यातून घडणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 25 व्या अध्यायात धनी परदेशी जाताना तीन दासांकडे आपले धन सोपवतो; त्यातला तिसरा दास आठवावा. त्याला मिळालेला एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, अर्थात मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. त्याने ती पुरली आणि जशीच्या तशी परत केली. त्याच्या हिशोबात एका पैचीही तफावत नव्हती, तरी धन्याने त्याला दुष्ट व आळशी म्हटले. ज्या दोषाबद्दल तो बाहेर टाकला गेला, तो कोणत्याही हिशोबतपासनिसाला दिसला नसता. शिवाय उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूचे वचन आहे; फलकावर नावे आली की बायबलमधल्या गरीब विधवेसारखी दोनच दमड्या टाकणारी बाई देवळात यायचीच थांबेल.

शाहूपुरी, माजी खजिनदार :
काका, देणाऱ्यांची नावे मी मागितलेलीच नाहीत, एकूण रकमा मागितल्या आहेत. डाव्या हाताचे वचन देणाऱ्यासाठी आहे, खर्च करणाऱ्यासाठी नव्हे. आपण तिसऱ्या दासाचा दाखला दिलात हे बरे झाले, कारण तो माझ्याच बाजूने बोलतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून मिशनकाळात उभ्या राहिलेल्या जागा आणि इमारती आपल्या पिढीकडे आयत्या आल्या आहेत. त्यांतले काय वापरात आहे, काय कुलूपबंद आहे आणि पंचगंगेचे पाणी घरांत शिरते तेव्हा कोणते सभागृह कोणासाठी उघडते, हे कोणत्या ताळेबंदात येते? पुरलेले धन शोधायचे तर आधी ते कोठे पुरले आहे हे मंडळीला कळले पाहिजे.

राजारामपुरी, शिक्षिका :
दोघांचेही बोलणे चर्चच्या पेटीभोवतीच फिरत आहे. दहावा भाग देवाचा आणि उरलेले नऊ भाग आपले, असे दोघांनीही न बोलता गृहीत धरले आहे. ‘पृथ्वी व तिच्यातील सर्व काही परमेश्वराचे’ हे चोविसावे स्तोत्र खरे मानले, तर माझ्या माहेरच्या उसाचाही हिशोब द्यावा लागेल. शिरोळ तालुक्यात अमर्याद पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. उसाच्या बिलातून दशमांश काढणाऱ्या शेतकऱ्याने पुढच्या पिढीकडे पांढरी पडलेली जमीन सोपवली, तर त्याला विश्वासू म्हणायचे का? येशूच्या काळातले परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, पुदिन्याचाही दशमांश देत होते. न्याय, दया आणि विश्वास मात्र त्यांनी सोडला होता. (माझ्या वडिलांना हे पटत नाही, हेही सांगून टाकते.)

कसबा बावडा, ज्येष्ठ सभासद :
ताई, आपला मुद्दा मान्य आहे, आणि फलकाला मी विरोध करतो तो त्याच कारणाने. फलक लागला की आपले कर्तव्य संपले, असे मंडळीला वाटू लागेल.

शाहूपुरी, माजी खजिनदार :
तसे वाटेल म्हणून पेटी झाकून ठेवावी, हे मला पटत नाही. लूकच्या 16 व्या अध्यायातील कारभाऱ्याची उधळपट्टी धन्याच्या कानी इतरांनीच घातली होती. फलकाचा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे, आणि कुलूपबंद इमारतींची यादी त्याला जोडणार आहे.

कसबा बावडा, ज्येष्ठ सभासद :
यादीच्या बाजूने माझे मत धरा, फलकाच्या विरोधात.