हॅचबॅकची मागची काच फुटली आहे: कंपनीतून बसवावी, बाहेरून, की विम्यातून?

शाहूपुरीकर, सातारा

नमस्कार. आमच्या वसाहतीच्या मोकळ्या जागेत वाढलेले गवत ठेकेदाराची माणसे मशीनने कापत होती. त्यातून उडालेला खडा माझ्या उभ्या गाडीच्या मागच्या काचेवर बसला आणि क्षणात सगळ्या काचेचा चुरा झाला. निम्मा डिकीत पडला, निम्मा मागच्या सीटवर. गाडी पेट्रोलवरची हॅचबॅक असून इंजिन १,२०० सीसीच्या आत आहे. फुटलेल्या काचेला डिफॉगरच्या (तापून काचेवरची वाफ घालवणाऱ्या) रेषा होत्या आणि वायपरही होता.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने मजुरीसह ९,५०० रुपये सांगितले आहेत; काच पुण्याहून मागवावी लागेल, त्यामुळे तीन-चार दिवस थांबावे लागेल असे त्यांचे म्हणणे आहे. गावातील एका काचवाल्याने ४,२०० रुपये सांगितले असून काच त्याच्याकडे तयार आहे, आणि सिलिकॉन लावून तासाभरात गाडी देतो असे तो म्हणतो. विमा सर्वसमावेशक आहे, झिरो डेप (भागांच्या किमतीतून घसारा न कापण्याची जोड) नाही. मध्ये एकदा बंपरसाठी क्लेम घेतला होता, त्यामुळे सध्या नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ४५ टक्के आहे. बोनस वजा करण्यापूर्वीचा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता साधारण ६,४०० रुपये येतो.

पाऊस थांबायचे नाव घेत नाही आणि येत्या शनिवारी खंबाटकी घाटातून पुण्याला जाणे टाळता येण्यासारखे नाही. तोपर्यंत प्लास्टिकचा कागद लावून गाडी चालवली तर चालेल का, आणि दोन्हींपैकी कोणती काच घ्यावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काचकाम, कऱ्हाड

मी बरीच वर्षे गाड्यांच्या काचा बसवण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पातळ प्लास्टिकचा थर असतो. त्यामुळे तिला तडा गेला तरी ती जागेवर राहते आणि लहान टवका असेल तर भरूनही मिळतो. मागची काच बहुतेक गाड्यांना टफन्ड असते. ती ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर कायमचा दाब आणि आतल्या भागात ताण राहतो. खड्याने पृष्ठभाग भेदला की हा समतोल सुटतो आणि पूर्ण काच एकाच वेळी बोथट कणांत फुटते. म्हणून मागच्या काचेची दुरुस्ती हा प्रकारच नसतो, ती बदलावीच लागते. आणि ती नंतर कापता किंवा भोक पाडता येत नसल्यामुळे वायपरचे भोक, रेषा, ब्रेक लाइटची जागा हे सगळे मूळ काचेप्रमाणेच असलेली काच घ्यावी लागते. एकाच गाडीच्या स्वस्त मॉडेलला साधी काच असते आणि महाग मॉडेलला रेषांची, आणि दोन्ही एकाच चौकटीत बसतात. काचवाल्याकडे तयार असलेली काच कोणती, हे आधी उजेडात धरून पाहा. काही गाड्यांत रेडिओची अँटेनाही याच काचेवर छापलेली असते.

कंपनीची की बाहेरची, या प्रश्नाकडे मी वेगळ्या बाजूने पाहतो. काचेच्या कोपऱ्यावर आयएसआयचे चिन्ह, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि उत्पादकाचे नाव छापलेले असेल, तर ती बाहेरची असली तरी मला चालते. कारण गाड्यांच्या कंपन्या स्वतः काच तयार करत नाहीत, त्यांना ती काचेचे कारखानेच पुरवतात, आणि त्याच कारखान्यांची काच अनेकदा बाजारातही मिळते. कोपऱ्यावर काहीच छापलेले नसेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

माझी खरी हरकत सिलिकॉनला आहे. चिकटवून बसवलेल्या काचेसाठी पॉलियुरेथेन सीलंट असते. सिलिकॉन पाणी काही काळ अडवते, पण डिकी आपटताना बसणारे हिसके आणि रस्त्यावरची थरथर यांच्यासाठी ते नसते. आंबट वासाचे सिलिकॉन पत्र्यावर गंज धरायला मदत करते, आणि एकदा ते चौकटीला लागले की पुढे योग्य सीलंटही तिथे नीट धरत नाही. म्हणजे आज वाचलेले पैसे पुढच्या खेपेला चौकट घासून घेण्यात जातात.

काम पुढीलप्रमाणे होताना दिसले पाहिजे. चौकटीवरचे जुने सीलंट खरवडून पत्रा उघडा करायचा नसतो; त्याचा एक-दोन मिलिमीटरचा थर धारदार पात्याने सपाट करून ठेवायचा असतो, कारण ताज्या कापलेल्या जुन्या थरावर नवे सीलंट फार घट्ट धरते. पाते लागून रंग निघाला असेल तिथे प्राइमर लावायचा, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत तिथून गंज सुरू होऊन पाणी डिकीत उतरते. नव्या काचेच्या कडेचा काळा पट्टा पुसून त्यालाही त्याचा प्राइमर लावायचा आणि तो सुकू द्यायचा. त्यानंतर गनने सीलंटची उंच, सलग धार सोडायची आणि वरची साय धरण्याच्या आत काच बसवायची. सीलंटच्या नळीवरील मुदतीची तारीख बसवण्यापूर्वी पाहायला मागावी. चांगला कारागीर त्याचा राग धरत नाही.

पावसाविषयी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. हे सीलंट हवेतील ओलाव्यानेच पक्के होते, त्यामुळे साताऱ्याची दमट हवा त्याला अडचणीची नाही. चौकट किंवा काच ओली असणे मात्र मुळीच चालत नाही. म्हणून काम बंदिस्त शेडमध्येच करून घ्यावे, रस्त्याच्या कडेला छत्री धरून नव्हे. गाडी बाहेर काढण्याची वेळ प्रत्येक सीलंटची वेगळी असते आणि ती नळीवर छापलेली असते. पहिले २४ तास डिकी आपटू नये, दाराची एक काच बोटभर खाली ठेवावी म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा दाब नव्या काचेवर येत नाही, आणि दाबाच्या पाण्याने गाडी धुणे दोन-तीन दिवस टाळावे.

प्लास्टिक लावून गावातल्या गावात गाडी चालवायला हरकत नाही, पण घाटात आणि महामार्गावर मी तो सल्ला देणार नाही. मागची बाजू उघडी असली की चालत्या गाडीमागच्या हवेसोबत सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. शिवाय कागदातून मागचे काहीही दिसत नाही.

विश्रामबाग, सांगली

विम्याचा हिशेब मांडतो. नोकरीत असताना हे काम रोजचे होते.

काचेला आपल्याकडे घसारा लागत नाही, म्हणजे झिरो डेप नसले तरी काचेची पूर्ण किंमत धरली जाते. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापले जातात. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते. म्हणजे ९,५०० च्या बिलात आपल्या हाती जास्तीत जास्त ८,५०० पडतील, रबर-प्लास्टिकचे कापून थोडे कमीच.

आता दुसरी बाजू. क्लेम न घेतल्यास पुढील नूतनीकरणाला आपला बोनस ५० टक्के होईल आणि तिथेच राहील. क्लेम घेतल्यास तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० अशा पायऱ्या चढत जातो. ६,४०० रुपयांच्या हप्त्यावर पहिल्या वर्षी ३,२००, दुसऱ्या वर्षी १,९२०, तिसऱ्या वर्षी १,६००, चौथ्या वर्षी ९६० आणि पाचव्या वर्षी ३२०, असे एकूण ८,००० रुपये जास्त भरावे लागतील. गाडीचे विमामूल्य दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा खाली येईल. हप्त्यावरचा जीएसटी तो पुन्हा थोडा वर नेईल. थोडक्यात, सर्व्हिस सेंटरचे बिल असले तरी क्लेम घेऊन हाती जवळपास काहीच उरत नाही, आणि ४,२०० रुपयांच्या कामासाठी तर तो विषयच काढू नये. पॉलिसीत बोनस सुरक्षित ठेवणारी जोड घेतली असेल तर मात्र सगळे गणित बदलते, तेव्हा कागद एकदा उघडून पाहावेत.

क्लेम घ्यायचाच ठरला, तर काच बसवण्यापूर्वी विमा कंपनीला कळवणे आणि फुटलेल्या अवस्थेतील फोटो काढून ठेवणे आवश्यक आहे. काम उरकून नंतर बिल पाठवणाऱ्यांचे क्लेम अडकतात.

मिरजेचा प्रवासी

मी थोडे वेगळे सांगतो. भंगारात निघालेल्या गाडीची मूळ काच, रेषांसकट, नव्या बाहेरच्या काचेपेक्षाही कमी पैशांत मिळू शकते आणि तिच्यावर कंपनीचीच छाप असते. कुपवाडच्या बाजूला अशा काचा मिळालेल्या मी पाहिल्या आहेत. खर्च वाचवायचा असेल, तर हा मार्ग एकदम बाजूला का सारावा?

काचकाम, कऱ्हाड

बाजूला सारू नये, पण पारखून घ्यावा. चिकटवलेली काच जुन्या गाडीवरून काढताना तार किंवा पाते कडेला लागते, आणि टफन्ड काचेचा जीव कडेला असतो. तिथला मोहरीएवढा टवकाही पुढे कधीतरी डिकी जोरात लावताना किंवा उन्हात तापल्यावर काच फोडू शकतो. चारही कडांवरून बोट फिरवून, रेषांच्या दोन्ही टोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या शाबूत आहेत हे पाहूनच घ्यावी. वाचणारी रक्कम आणि हा धोका तोलला, तर मी स्वतःच्या गाडीला जुनी काच फक्त नवी मिळतच नसेल तेव्हा बसवीन.

शाहूपुरीकर, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. काचवाल्याकडील काच आज पाहून आलो. तिच्यावर आयएसआयचे चिन्ह आणि उत्पादकाचे नाव आहे, रेषाही आहेत. पॉलियुरेथेनने बसवायला तो तयार आहे, मात्र त्याचे ६०० रुपये जास्त आणि गाडी एक रात्र शेडमध्ये ठेवावी लागेल, असे त्याने सांगितले. उरलेल्या दोन शंका विचारतो. नव्या काचेला लगेच काळी फिल्म लावून देतो असे तो म्हणतो, ती लावावी का? आणि गवत कापणाऱ्या ठेकेदाराकडून भरपाई मागणे योग्य ठरेल का?

ओझर्डे, वाई

फिल्म लावू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरून चिकटवलेल्या काळ्या फिल्मला मनाई केली. दंडाचे सोडा, पसरणीच्या घाटात पावसाळी धुक्यात मागून येणाऱ्या एसटीचे दिवे काळ्या काचेतून किती दिसतात, हे एकदा पाहिले की हौस आपोआप फिटते.

ठेकेदाराचे म्हणाल, तर भरपाई जरूर मागावी. वसाहतीच्या सचिवांना लेखी पत्र द्या, सोबत फोटो, काम चालू असल्याची वेळ आणि काचवाल्याचे पक्के बिल जोडा. मशीनने गवत कापताना आडोसा धरणे किंवा गाड्या हलवायला आधी सांगणे ही कापणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ठेकेदाराचे बिल वसाहतीने अजून दिले नसेल तर त्यातून रक्कम वळती करणे सर्वांत सोपे. ती रक्कम मिळाली तर त्याच नुकसानीसाठी विम्याचा क्लेम घेऊ नये.

काचकाम, कऱ्हाड

ते ६०० रुपये बिनशर्त द्यावेत आणि रात्रही द्यावी.

काच बसवण्यापूर्वी आतला चुरा नीट निघाला आहे ना, ते पाहा. सीटवरचा दिसतो म्हणून निघतो. पण डिकीच्या झाकणाच्या आतील पॅनेलमध्ये, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि मागच्या सीटबेल्टच्या कुलपात गेलेले कण राहून जातात. कुलपात एक कण अडकला तरी पट्टा नीट लागत नाही, म्हणून व्हॅक्यूम मारल्यावर प्रत्येक पट्टा लावून ओढून पाहावा. डिकीचे पॅनेल उघडलेलेच असते, तेव्हा ते झाडून घ्या असे आधी सांगावे, नाहीतर पुढे कित्येक महिने डिकी लावताना आत खडखड ऐकू येते.

पॅनेल परत बसवण्याआधीच डिफॉगर तपासून घ्यावा. गाडी चालू ठेवून बटण दाबावे, काचेवर आतून तोंडाने वाफ सोडावी आणि रेषांच्या कडेने ती विरते का ते पाहावे. काहीच होत नसेल तर बहुधा टोकाची वायर लागलेली नसते, एखाद्याच रेषेजवळ वाफ राहिली तर ती रेष तुटलेली असते आणि ती चांदीच्या वाहक रंगाने जोडता येते. पुढे काच आतून पुसताना फडके रेषांच्या दिशेने, आडवेच फिरवावे, आणि स्टिकर काढायला तिथे पाते वापरू नये. वायपरचा नट अंदाजाने आवळू देऊ नका. भोकाभोवतीचे रबर मूळ जागी बसले आहे का ते पाहून मगच तो कसायला सांगा.